कुत्र्याचा कान आणि वनौषधी

पावसाळ्याच्या दिवसांत घरचा कुत्रा एकाएकी मान कलती करून बसू लागतो. मागच्या पायाने कान खाजवतो, पुन्हापुन्हा डोके झाडतो, आणि जवळ गेले म्हणजे त्याच्या कानातून आंबूस दर्प येतो. कान फुटला, असे आपण म्हणतो. मग घरातील कोणी लसूण घालून कढवलेले तेल आणतो, कोणी कडुनिंबाच्या पाल्याचा रस काढतो. असा उपचार करणारा माणूस निर्दय नसतो. मुक्या जनावराविषयीची कणवच त्याच्याकडून हे करवीत असते. परंतु कणव आणि ज्ञान या दोन निराळ्या वस्तू आहेत. वनस्पतींनी कुत्र्याचा कान बरा करण्याच्या या खटाटोपाला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि तो नीट पाहिला म्हणजे आजच्या आपल्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच सापडते.

या इतिहासाचा आरंभ रोमन शेतकऱ्यापासून करावा लागतो. मार्कुस व्हारो या पंडिताने इसवी सनापूर्वी 37 च्या सुमारास, वयाच्या ऐंशीच्या घरात असताना, शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात मेंढरांच्या राखणदार कुत्र्याविषयी तो सांगतो की, बदाम पाण्यात वाटून कुत्र्याच्या कानांना व बोटांच्या बेचक्यांत चोळावेत. तसे न केल्यास माशा, गोचिडी आणि पिसवा तेथे व्रण पाडतात. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेल्ला याने आपल्या बारा भागांच्या कृषिग्रंथातील सातव्या भागात हाच विषय अधिक तपशिलाने मांडला. उन्हाळ्यात माशांच्या उपद्रवाने कुत्र्यांचे कान इतके चिघळतात की, ते पुष्कळदा समूळ झडून जातात, असे तो लिहितो. प्रतिबंधासाठी तो कडू बदामाचा लेप सांगतो; आणि व्रण झालेच असतील तर कढवलेली पातळ राळ डुकराच्या चरबीत मिसळून तिचे थेंब त्यांवर सोडावेत, असा त्याचा सल्ला आहे.

या उपायांना हसण्याचे कारण नाही. कडू बदाम वाटून पाण्यात कालवला असता त्यातून हायड्रोजन सायनाइड हे उग्र विष निर्माण होते. हेच विष कुत्र्याने अंग चाटल्यास त्याच्या पोटात जाऊ शकते, ही गोष्ट वेगळी. पण महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. व्हारो आणि कोलुमेल्ला बोलतात ते कानाच्या पाळीविषयी, डोळ्यांना दिसणाऱ्या व्रणाविषयी. कानाच्या आत काय चालते, ते त्यांना दिसत नव्हते. आणि या दोन उपायांत तरी त्यांनी त्या अंधारात हात घातलेला नाही.

आता आपल्याकडे वळू. अश्ववैद्यकाला शालिहोत्राचे नाव लाभले, गजवैद्यकाला पालकाप्याचा ग्रंथ लाभला. श्वानाच्या वाट्याला त्या तोलाचा वैद्यकग्रंथ आला नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात कुत्रा येतो तो पिसाळलेला, म्हणजे रोगी म्हणून नव्हे, तर विषाचे कारण म्हणून. राजदरबारी मात्र त्याला मान होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात शिकारी कुत्र्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. ही कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आणि हा ग्रंथ छापून निघाला तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेत, 1925, 1939 व 1961 अशा तीन खंडांत. शिकारी कुत्र्यांचे हे प्रेम आपल्या भागात पुढेही टिकले. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली कुत्र्यांची जात आज सर्वत्र ओळखली जाते. भारतीय डाकखात्याने 2005 साली तिचे तिकीटही काढले.

कुत्र्याच्या कानासाठी स्वतंत्र शास्त्र नसल्यामुळे माणसाच्या कानाचे औषध त्याच्या कानात जाऊ लागले, हे ओघानेच आले. माणसाच्या कर्णरोगांचा विचार आपल्याकडे फार सूक्ष्मपणे झालेला आहे. सुश्रुताने अठ्ठावीस कर्णरोग मोजले. उत्तरतंत्रात लसूण, आले, शेवगा यांचे रस कोमट करून कानात घालण्यास त्याने सांगितले आहे. तेलात भिजवलेल्या वस्त्राने औषधी काष्ठे गुंडाळून ती पेटवावीत आणि ठिबकणारे तेल कर्णशूलासाठी वापरावे, अशीही कृती तेथे आहे. आपल्या आजीच्या लसणीच्या तेलाचे मूळ या परंपरेत आहे. परंतु सुश्रुताने ते लिहिले माणसासाठी, आणि कुत्र्याचा कान हा माणसाचा कान नव्हे.

माणसाच्या कानाचा मार्ग आखूड व बहुतांशी सरळ असतो. कुत्र्याचा कर्णमार्ग प्रथम खाली उतरतो आणि मग काटकोनात आत वळतो. पडदा त्या वळणापलीकडे असतो. वर कान लोंबता असेल तर हवा खेळत नाही, ओल राहते, मळ साचतो. त्यात ओतलेले तेल बाहेर येण्याऐवजी तळाशी बसते. पडदा फाटलेला असेल तर तेच तेल मध्यकर्णात उतरते, आणि मग कुत्र्याचा तोल व श्रवणशक्ती दोन्ही धोक्यात येतात.

या अंधारात दिवा लागला तो एकोणिसाव्या शतकात. 1838 साली हेरिंग या जर्मन पशुवैद्याने कानात राहणाऱ्या सूक्ष्म किड्याचे वर्णन केले. 1855 मध्ये फॉन ट्रोल्ट्श याने कान तपासण्याचा परावर्तक आरसा वैद्यांच्या प्रचारात आणला. 1925 साली फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातील एका भारतीय गेंड्याच्या त्वचेवर वाइडमन यांना यीस्ट जातीची एक बुरशी सापडली. तीच बुरशी कुत्र्यांच्या कर्णरोगाशी निगडित असल्याचे पुढे स्पष्ट झाले. स्वीडनमधील गुस्टाफसन यांचा या रोगावरील प्रबंध 1955 चा आहे. म्हणजे ज्याला आपण एकाच नावाने कान फुटणे म्हणतो, त्याच्या मुळाशी किडा असेल, बुरशी असेल, जंतू असतील, किंवा ॲलर्जी असेल. आजीच्या तेलाने एखादा कुत्रा बरा होई तो बहुधा किड्यांचा रोगी असावा. तेलाने किडे गुदमरतात. पण ही बुरशी स्निग्ध पदार्थांवर पोसणारी आहे. तिच्यापुढे त्याच तेलाचा काय पाड?

मग वनस्पती निरुपयोगी ठरल्या काय? मुळीच नाही. 1942 साली सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी कडुनिंबाच्या तेलातून निंबिनादी द्रव्ये वेगळी केली, आणि लोकांच्या अनुभवाला रसायनशास्त्राची बैठक मिळाली. वाळुंजाच्या जातीच्या झाडांच्या सालीत असलेल्या सॅलिसिनपासून पिरिया याने 1838 साली सॅलिसिलिक आम्ल तयार केले. आज कुत्र्याचा कान धुण्याच्या कित्येक द्रवांत ते असते. फळांच्या रसापासून होणाऱ्या शिरक्यातील ॲसेटिक आम्लही असते. मात्र ते मोजून, ठरलेल्या प्रमाणात असते. प्रमाण सुटले की काय होते, त्याचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील टी ट्री तेलाचे. अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, हे तेल पातळ न करता वापरल्याने विषबाधा झालेल्या 443 प्राण्यांची नोंद आहे. त्यांत 337 कुत्रे व 106 मांजरे होती. लाळ गळणे, झोकांड्या जाणे, कापरे भरणे ही त्यांची लक्षणे. ते तेल झाडाचेच होते.

तेव्हा झाडपाला की विलायती औषध, हा वाद मुळातच चुकीचा आहे. औषध कोठून आले यापेक्षा ते कोठे घालावयाचे आणि किती, हा खरा प्रश्न आहे. कानाच्या पाळीवर माशा बसू नयेत म्हणून पातळ केलेले निंबाचे तेल बाहेरून लावणे निराळे. न पाहिलेल्या कानात लसणीचा रस ओतणे निराळे. लसूण पोटात गेली तर कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करते, हेही विसरू नये. कुत्रा डोके झाडू लागला, कानाला वास येऊ लागला, की प्रथम पशुवैद्याकडून पडदा शाबूत आहे की नाही ते पाहून घ्यावे, मळाचा नमुना तपासावा, आणि मगच औषध घालावे.

आपला कुत्रा दुखते कोठे हे सांगू शकत नाही, आणि औषधाने आग होते हेही सांगू शकत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो रोमन शेतकरी जे दिसले त्यावरच लेप लावीत होता. आज आत पाहण्याचे साधन आपल्या हाती असताना आपण न पाहता औषध ओतले, तर त्याच्यापेक्षा आपण अधिक शहाणे झालो असे कसे म्हणावे? एवढेच विचारून मी आपला निरोप घेतो.