मेहता, विजया
(४ नोव्हेंबर १९३४– ). मराठी रंगभूमी, चित्रपट व दूरदर्शन यांवरील दिग्दर्शिका आणि अभिनेत्री. जन्म बडोद्याचा. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेच्या (१९६०) स्थापनेत पुढाकार. त्यांच्या दूरदर्शनवरील कामाला रंगभूमीची पुरवणी मानणे अन्यायाचे आहे. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ त्यांनी १९८५ मध्ये रंगमंचावर आणले आणि पुढे ‘हवेली बुलंद थी’ या नावाने हिंदीत छोट्या पडद्यावर नेले. असे रूपांतर म्हणजे चित्रित केलेले नाटकच, हा आक्षेप वरवर पटतो. पण लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रावर मेहतांनी दूरदर्शनसाठी केलेले ‘स्मृतिचित्रे’ मुळात नाटक नव्हतेच. तेथे सुहास जोशी यांचा तालमीच्या शिस्तीतून आलेला संयत अभिनय कॅमेऱ्याच्या जवळिकीतही अस्सल वाटतो. रुग्णालयातील जीवनावरची ‘लाइफलाइन’ ही मालिकाही त्यांचीच. संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९७५), पद्मश्री (१९८७).