कडबोळ्याला फुटलेलं नख

३१ ऑक्टोबर २०२४ ला दोन सण एकाच तारखेवर येऊन बसले. आपली नरक चतुर्दशी आणि तिकडचं हॅलोविन. पहाटे अंगणात डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडून नरकासुराचा निकाल लावायचा, आणि संध्याकाळी सोसायटीतल्या पोरांनी काळा झगा घालून भूत व्हायचं, असं दोन्ही एकाच दिवसात करता आलं असतं. फराळाचे डबे तर सोलापुरात घरोघरी भरलेलेच होते. त्यातलं कडबोळं घ्या. टोकं जुळवून कडं करायच्या आधी ते जसं सरळ असतं तसंच ठेवा, मधे सुरीनं दोन-तीन रेघा ओढा आणि टोकाला एक शेंगदाणा दाबा. झालं भुताचं बोट. पश्चिमेत हे बोट गोड बिस्किटाच्या पिठाचं करतात आणि त्याला बदामाचं नख लावतात. सोलापुरात ते तिखटच हवं, आणि नख शेंगदाण्याचंच.

हा चावटपणा वाटतो तेवढा उपरा नाही. त्याचं कूळ दोन्ही बाजूंनी शोधायला हवं.

आधी पाहुण्यांची बाजू. आयर्लंड-स्कॉटलंडमधले केल्टिक लोक १ नोव्हेंबरपासून हिवाळा धरायचे. आदल्या रात्री मेलेल्यांचा आणि जिवंतांचा रस्ता एक होतो अशी समजूत होती. आठव्या शतकात पोप तिसऱ्या ग्रेगरीनं रोममध्ये १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरवला आणि पुढे २ नोव्हेंबर मृतात्म्यांचा झाला. वसईचे मराठी बोलणारे ख्रिस्ती आजही २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. आपल्या सर्वपित्री अमावास्येनंतर काही आठवड्यांनी येणारा हा त्यांचा पितृपक्षच. हॅलोविन ही त्या संतदिनाची आदली संध्याकाळ.

आता खाण्याचं. हॅलोविन म्हटलं की गोळ्या-चॉकलेटांची पिशवी डोळ्यांपुढे येते, पण ती अगदी अलीकडची. संतदिनाची आदली संध्याकाळ कॅथलिकांना पाळणुकीची असे. मांस वर्ज्य. म्हणून आयरिश घरांत त्या रात्री कोलकॅनन व्हायचं. उकडून कुस्करलेला बटाटा, त्यात केल किंवा कोबी, कांद्याची पात, वर लोण्याचं तळं. त्यात अंगठी लपवायची. ज्याच्या घासात अंगठी येईल त्याचं वर्षाच्या आत लग्न. थोडक्यात, सणाचा मूळ पदार्थ खारा, त्यात बटाटा, आणि खाता खाता खेळ. उपासाच्या दिवशी बटाट्यावर तुटून पडणाऱ्या आपल्या लोकांना हे निराळं समजावून सांगायला नको. अमेरिकेत गोळ्या-चॉकलेटांचं राज्य आलं ते दुसऱ्या महायुद्धातलं साखरेचं रेशनिंग १९४७ मध्ये उठल्यानंतर. तेव्हा हॅलोविनला कुणी तिखटमिठाचा पदार्थ केला, तर तो परंपरा मोडत नाही, उलट मूळपदाला जातो.

हा सण अमेरिकेत नेला आयरिश लोकांनीच. १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला आणि लाखो लोक जहाजांत बसले. गावाकडे ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. नव्या देशात त्यांना भोपळा सापडला. मोठा, मऊ, कोरायला सोपा. भोपळा मूळचा अमेरिकेचाच. आपण ज्याचे घारगे करतो तो लाल भोपळाही तिकडूनच आलेला. मिरची, शेंगदाणा, बटाटा हे त्याचे गाववाले. शेंगाचटणीवर सोलापूरची ओळख उभी आहे, आणि त्या चटणीतला शेंगदाणा आणि तिखट दोन्ही अमेरिकेची लेकरं आहेत. हॅलोविनला परदेशी म्हणून नाक मुरडण्याआधी ताटाच्या डाव्या बाजूकडे एकदा बघावं.

पदार्थांना भुताचं रूप देण्याची चाल मात्र छापखान्याची. मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिसन कंपनीचा धंदा रंगीत क्रेप कागदाचा होता. तिनं १९०९ मध्ये 'बोगी बुक' नावाचं पुस्तक काढलं. हॅलोविनच्या मेजवानीची सजावट कशी करावी, टेबल कसं मांडावं, कोणता वेष घालावा, हे सगळं त्यात. अर्थात कागद खपावा म्हणून. त्याच सुमारास, १९१० मध्ये, इकडे लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' निघालं. तिकडचं पुस्तक पाहुण्यांना घाबरवायला शिकवत होतं, इकडचं त्यांना तृप्त करायला. मला विचाराल तर टिकाऊ काम धुरंधरबाईंचं.

आता आपली बाजू. आणि इथे जरा बसून बोलायला हवं.

सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच चौकात ऐकू येणारं गाव. कडबोळ्याचं कूळ शोधायला याहून बरी जागा नाही. कन्नडमध्ये त्याला कोडुबळे म्हणतात. कोडु म्हणजे शिंग, बळे म्हणजे बांगडी. शिंगातली बांगडी. हे नुसतं नाव नाही, तशी चालच आहे. कर्नाटकात कार हुण्णिमेला, म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेला, बैल सजवतात आणि त्यांच्या शिंगांत ही कडी अडकवतात. सीमेच्या अलीकडे हाच सण बेंदूर होतो. अंगाला रंगाचे ठिपके, शिंगांना बेगड, आणि शिंगात कडबोळं. ते काढून पळायला पोरं टपलेली. म्हणजे बशीत येण्याआधी कडबोळं दागिना होतं. खायचा पदार्थ अंगावर मिरवायचा, त्याला भलत्याच वस्तूचं रूप द्यायचं, आणि शेवटी पोरांनी पळवायचा, हे सगळं इथल्या शेतकऱ्यानं केव्हाच करून ठेवलं आहे.

शहराच्या पूर्व भागात गेलात तर त्याचा तेलुगू भाऊबंद भेटतो. गिरण्यांच्या आणि हातमागांच्या ओढीनं तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरी संक्रांतीला सकिनालू होतात. तांदळाचं पीठ, तीळ, ओवा. सोऱ्या नाही, साचा नाही. बाई चिमटीत पीठ धरते आणि पीळ देत देत कापडावर एकात एक वेढे घालत जाते. मागावर सूत हाताळणाऱ्या घरांतली ही बोटं. पिठाचा धागा त्यांच्या हातून तुटत नाही.

आणि फुलोरा. तुळजापूर इथून पंचेचाळीस किलोमीटरवर, त्यामुळे नवरात्र हा या भागाचा मोठा सण. घट बसतात, आणि पाचव्या-सातव्या माळेला किंवा अष्टमीला देवीवर फुलोरा टांगतात. त्यात कडाकण्या असतातच. शिवाय पिठाची वेणी, पिठाची फणी, आरसा, करंडा, बांगड्या. देवीचा सगळा साजशृंगार लाटून, कातरून, तळून दोऱ्यानं वर बांधलेला. दसऱ्याला तो उतरला की मुलांच्या हाती. फणीचे दात मोडून खाताना कुणालाही हे अघोरी वाटत नाही. ज्या घरात फणी तळली जाते, तिथे बोट तळायला हरकत नसावी.

मृत्यूशी संबंध म्हणाल तर धनत्रयोदशीला कणकेचा दिवा करून दक्षिणेकडे तोंड करून ठेवतो आपण, यमासाठी. फरक एवढाच की आपण त्या दिव्याची गंमत करत नाही. भीतीचं खेळणं करायचं हे हॅलोविनचं खास, आणि ते तिकडून घेण्याजोगं आहे असं माझं मत.

तिखटाविषयी एक आड वाट. बाराव्या शतकात चालुक्यांची राजधानी कल्याणी होती, म्हणजे आजचं बसवकल्याण. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं उमरग्याच्या पुढे. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं 'मानसोल्लास' लिहवला. त्यातल्या अन्नभोगाच्या भागात डाळीच्या पिठाचे, तळणीचे कितीतरी प्रकार आहेत. त्यांत मिरे आहेत, हिंग आहे, मिरची नाही, कारण ती यायला अजून चारशे वर्षं होती. या मुलखाला खमंग तळण मिरचीच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

आता पीठ भिजवू या. ज्वारी घ्या, शक्यतो मालदांडी. मालदांडीच्या ज्या एम ३५-१ वाणानं रब्बी ज्वारीचं नाव झालं ते याच जिल्ह्यातल्या मोहोळला निवडलं गेलं, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. ज्वारीचं पीठ दोन वाट्या, तांदळाचं अर्धी, हरभऱ्याच्या डाळीचं अर्धी. तीळ, ओवा, हळद, मीठ आणि सोलापुरी काळं तिखट. काळ्या तिखटानं रंग असा मातकट येतो की मसणातल्या बोटाला दुसरा रंग शोधावा लागत नाही. तीन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन घालून पीठ हातानं चोळा. मग उकळतं पाणी. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा धरणारा ग्लुटेन नाही. गार पाण्यात भिजवलेली ज्वारी वळताना भेगाळते. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच चिकटपणाचं काम करतो. भाकरीला पाणी उकळून घेतात ते याच कारणानं. पीठ वीस मिनिटं झाकून ठेवा, मग तेलाच्या हातानं खूप मळा. इथे आळस केला की बोटं तेलात तुटतात.

वळताना पेन्सिलीहून किंचित जाड ठेवा. खऱ्या बोटाएवढं जाड केलंत तर आत कच्चं राहील. पेरं दाखवायला दोन ठिकाणी चिमटीनं जरा बारीक करा आणि त्यावर सुरीच्या पाठीनं आडव्या रेघा ओढा. नखासाठी कच्चा शेंगदाणा, लाल सालीसकट, आडवा धरून निम्मा आत जाईपर्यंत दाबा. भाजलेला दाणा नको, तेलात करपतो. साल ठेवली की नखाला रंग लावल्यासारखं दिसतं. मध्यम आचेवर, बुडबुडे कमी होईपर्यंत तळा. घाई करून आच वाढवली तर वरून लाल आणि आतून मऊ, म्हणजे दुसऱ्या दिवशी बोट वाकतं. ताटात शेंगाचटणी पसरून त्यावर तेल सोडा आणि बोटं त्यात रोवा. रक्ताची माती म्हणून याहून भीषण काही बाजारात मिळत नाही.

जाणकार एक शंका काढतील. आपल्याकडे हडळ ओळखायची ती तिच्या उलट्या पावलांवरून, हाताच्या बोटांवरून नाही. मग करा की पायाची बोटं. अंगठा जाड, बाकीची आखूड, आणि पाचही ताटात उलट्या दिशेनं मांडलेली. ही मांडणी कुठल्याही अमेरिकन पुस्तकात नाही.

नावाबाबत मात्र जपा. इंग्रजीत या बोटांना चेटकिणीची बोटं म्हणतात. तिकडे चेटकीण आता गोष्टीतली उरली आहे. इकडे चेटकीण, करणी करणारी असा शिक्का मारून खऱ्या बायकांना छळल्याच्या बातम्या अजून येतात, आणि २०१३ साली आपल्या राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तोही त्यासाठी झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. पोरांच्या बशीत तो शब्द नको. हडळ म्हणा, मुंजा म्हणा, खवीस म्हणा, वेताळाची बोटं म्हणा. त्यांच्या नावानं कुणा बाईच्या दारावर जमाव जात नाही.

बोटं वळायला आणि नखं लावायला मुलांना बसवा, तळण मोठ्यांनीच करा. पाहुण्या मुलांत कुणाला शेंगदाणा चालत नसेल तर नखाला भोपळ्याची बी लावा आणि चटणी वेगळ्या वाटीत ठेवा. साधं कडबोळं घट्ट डब्यात पंधरा दिवस छान राहतं. नखवालं आठवड्यात संपवा, कारण खवटपणा आधी दाण्याला येतो.