बार्ट्श खटला: गुन्हे तेच, निकाल दोन

आता आपण पश्चिम जर्मनीतल्या युर्गेन बार्ट्शच्या खटल्याकडे येऊ. १९६२ ते १९६६ या काळात त्यानं लांगेनबर्गजवळ युद्धकाळातल्या एका ओसाड भुयारात नेऊन चार मुलांचे खून केले. पाचव्या मुलानं मेणबत्तीच्या ज्योतीवर हातांची दोरी जाळली आणि तो निसटला, म्हणून हा प्रकार उघडकीला आला.

पहिल्या खुनाच्या वेळी बार्ट्श स्वतः १५ वर्षांचा होता, हे आपण लक्षात ठेवू. तरी १९६७ मध्ये वुपरटालच्या न्यायालयानं त्याला प्रौढ धरून जन्मठेप ठोठावली. लोकांना तेच हवं होतं. पण १९६९ मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल रद्द केला. ड्युसेलडॉर्फच्या फेरखटल्यात तज्ज्ञांनी त्याचं दत्तक, एकाकी बालपण तपासलं. १९७१ मध्ये बालगुन्हेगारी कायद्याखाली १० वर्षांची शिक्षा झाली आणि मनोरुग्णालयात रवानगी. तिथंच १९७६ मध्ये, स्वतः मागितलेल्या खच्चीकरणाच्या शस्त्रक्रियेत, भूल देण्यातल्या चुकीमुळे तो दगावला.

गुन्हेगार कसा घडला हे समजून घेणं म्हणजे त्याला माफ करणं का? आपल्याला तसं वाटत नाही. पण त्या चार घरांतल्या आईबापांना हे सांगायची वेळ आली, तर आपला आवाज नक्कीच अडखळेल.