पोराचा गुन्हा आणि वयाचा दाखला

बारा-तेरा वर्षांच्या पोराने दुकानाच्या गल्ल्यात हात घातला, की गावात दोन तट पडतात. कोणी म्हणतो, "पोरच ते, कान पिळा नि सोडा." कोणी म्हणतो, "आज गल्ला, उद्या दरोडा, द्या पोलिसांत." सरकारदरबारी हाच वाद पावणेदोनशे वर्षे चालला आहे.

१८५० च्या कायद्याने किरकोळ गुन्हा केलेल्या मुलाला कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून ठेवण्याची सोय केली. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १८६० च्या दंडसंहितेने सांगितले, की सात वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडतच नाही. सात ते बारापर्यंत त्याला समज किती, ते पहावे. पण बाराच्या पुढे काय? तुरुंग! तिथे पक्क्या चोरांची संगत. म्हणजे सरकारी खर्चाने चोरीची शाळाच म्हणा ना! १८९७ च्या कायद्याने पंधरा वर्षांखालच्या मुलग्यांना तुरुंगाऐवजी सुधारशाळेत धाडता येऊ लागले. १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालये मागितली, आणि मद्रास, बंगालमागून मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांचा कायदा झाला. ज्या डोंगरीच्या तुरुंगात १८८२ साली टिळक-आगरकरांनी १०१ दिवस काढले, तिथेच पुढे मुलांचे रिमांड होम आले. भिंती मात्र तुरुंगाच्याच राहिल्या.

देशासाठी एक कायदा व्हायला १९८६ साल उजाडले. त्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत बाल धरली जाई. २००० साली दोघांनाही अठरा झाली. मग २०१२ चे दिल्लीचे भयंकर प्रकरण आले. त्यातला एक आरोपी अठराच्या आत होता, त्याला तीन वर्षे सुधारगृहाची मिळाली, आणि लोक खवळले. त्यांचा संताप खोटा नव्हता. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरामधल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ त्याची समज पारखते आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. तिथे प्रौढासारखा खटला चालू शकतो. फाशी मात्र देता येत नाही, की सुटकेची आशाच नाही अशी जन्मठेपही नाही. गुन्ह्याच्या घडीला पोराच्या डोक्यात काय होते, हे मागाहून चार भेटींत कसे कळावे? मला तरी हे माप कच्चे वाटते.

आता गुरुजींसाठी एक गोष्ट. गुन्हा घडला त्या दिवशीचे वय धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ठरवले. ते वय ठरवताना पहिला मान शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा मॅट्रिकच्या प्रमाणपत्राला. ते नसेल तर महानगरपालिका-पंचायतीचा दाखला. काहीच नसेल तर हाडांची तपासणी, आणि तीही अंदाजाचीच. आपल्याकडे आईबापांना तारीख आठवेना, म्हणून कित्येक पोरांचा जन्म रजिस्टरात १ जूनला लागला आहे. एखाद्या पोराचा खरा वाढदिवस मार्गशीर्षातला असला, तरी कोर्टात तो जूनचाच ठरतो, आणि पाच-सहा महिन्यांच्या त्या फरकाने तो मंडळापुढे उभा राहायचा की थेट सत्र न्यायालयात, हे बदलते.