हॉप्स नसलेली बिअर आणि आबकारीचा हिशोब

मुंढव्यातल्या एका पबमध्ये हॉप्सऐवजी वनौषधी घालून केलेली बिअर मिळते, म्हणून एक मित्र आम्हाला मांजरीहून तिकडे घेऊन गेला. पंचशील घेतलेलं असल्यामुळे मी ग्लासाचा वास तेवढा घेतला. चव मित्रानं सांगितली : काढ्यासारखी, पण कडूपणा कमी. वेटर म्हणाला, "सर, हे एकदम नवीन आहे." मला खटकला तो 'नवीन' हा शब्द.

विनयपिटकातला पाचित्तिय 51 हा नियम बघा. भिक्खूंनी मद्य घेऊ नये असं सांगताना तिथं मद्याचे प्रकारही मोजले आहेत. सुरा पिठाची, पुव्यांची, भाताची, किण्व घातलेली आणि 'संभारसंयुत्ता', म्हणजे इतर जिन्नस मिसळलेली. मेरय म्हणजे फुलं, फळं, मध, गूळ यांचं आसव. म्हणजे वंदनेत आपण ज्या 'सुरामेरय'चं नाव घेतो, त्यात हा मुंढव्याचा ग्लाससुद्धा येतो! या नियमामागची कथाही लक्षात ठेवण्यासारखी आहे. सागत थेरानं नागाला नमवलं, म्हणून कोसंबीच्या उपासकांनी त्याला घरोघरी दारू पाजली आणि तो नगराच्या वेशीत कोसळला. हा आता साध्या पाणसापाशी तरी झुंजू शकेल का, असं तथागतांनी विचारलं. आक्षेप शुद्धी सुटण्याला आहे. विटाळाचा तिथं संबंध नाही. दारू पिणाऱ्याची जात काढणारी नैतिकता वेगळी आणि ही वेगळी.

युरोपातही हॉप्स नंतर आले. त्याआधी बॉग मर्टल, यॅरो अशा वनस्पतींचं 'ग्रुइट' नावाचं मिश्रण बिअरमध्ये पडत असे आणि ते विकण्याचा हक्क अनेक ठिकाणी बिशप नि सरदारांकडे होता. मसाल्यावरच कर! पुढे हॉप्सनी बिअर जास्त टिकते हे कळलं आणि 1516 मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकनी फर्मान काढलं, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही नको. पेयात काय घालायचं हे सत्ता ठरवते, आणि बहुतेक वेळा तिचा डोळा तिजोरीवर असतो.

आपल्याकडे हेच जास्त क्रूरपणे झालं. दख्खनमध्ये गूळ आणि बाभळीची साल, कोकणपट्टीच्या डोंगरांत मोहाची फुलं, हा गरिबांचा 'संभार'. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्या बंद करून सरकारी देखरेखीतली मोठी भट्टी आणि मक्तेदार पुढे आणले गेले. स्वतःच्या झाडाची ताडी काढायची तरी झाडपट्टी भरावी लागे. 1892 च्या मोहफूल कायद्यानं तर ठाणे-कुलाबा भागात मोह गोळा करणं, साठवणं, विकणं यांवरच बंधनं आली. मोह म्हणजे फक्त दारू नव्हे. धान्य संपल्यावर आदिवासी घरात तीच फुलं वाळवून, शिजवून खाल्ली जातात. दारूचा महसूल वाचवण्यासाठी सरकारनं माणसाच्या तोंडचा घास गुन्ह्यात धरला. आदिवासी दारुडे असतात, असं सहज बोलणाऱ्यांनी हा कायदा एकदा वाचावा.

याचा अर्थ दारूचं कौतुक करायचं असा नाही. ज्योतिबा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना 1880 मध्ये त्यांनी दारूच्या दुकानांना विरोध केला होता. वस्तीत काम करताना मीही रोज बघतो, पगाराच्या दिवशी कुठल्या घरात चूल पेटत नाही ते. पण बाबासाहेबांनी या प्रश्नाला जो हिशोब लावला, तो आपण विसरतो. 12 मार्च 1927 रोजी, महाड परिषदेच्या जेमतेम आठवडाभर आधी, ते मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं आणि आबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं, हे त्यांनी दाखवलं. दारूतून लोकांकडून जेवढं घेता तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, ही त्यांची मागणी होती.

आज आमच्या मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्क तंत्रज्ञान शिकवलं जातं. पुण्यात 2009 मध्ये डूलाली सुरू झाली आणि मायक्रोब्रुअरी हा शब्द रुळला. काळा गूळ आणि नवसागर घेऊन हातभट्टी लावणाऱ्यावर मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. हातभट्टी जीव घेते, ती बंद व्हायलाच हवी. पण आंबवण्याचं तेच ज्ञान एकाला पदवी देतं आणि दुसऱ्याला कोठडी, यात भांडवल आणि जात कुठे आहेत हे विचारायचंच नाही का? 2021 मध्ये राज्य सरकारनं मोहफुलांवरची बंधनं सैल केली. चांगलं झालं. आता त्या फुलांची महागडी बाटली निघेल, तेव्हा परवाना काढण्याची ऐपत फुलं वेचणाऱ्या बाईकडे नसेल.

पुढच्या अर्थसंकल्पात उत्पादन शुल्काचा आकडा आणि आपल्या मुलांच्या शिष्यवृत्तीचा आकडा शेजारी-शेजारी लिहून सभागृहात मांडेल, असा एक तरी आमदार शोधायला हवा.

जय भीम.