नथेची प्राचीनता

नथेवांचून महाराष्ट्रीय सौभाग्यवतीचें चित्र पुरें होत नाहीं. म्हणूनच सीता-द्रौपदींच्या नाकांतही आमचे चित्रकार ती बिनदिक्कत घालतात. परंतु जुन्या साधनांचा कौल याविरुद्ध पडतो. कार्ल्याच्या लेण्यांतील युगुलें पाहावीं, अजिंठ्याच्या भिंतींवरील राजस्त्रिया पाहाव्या. कर्णभूषणें, हार, मेखला यांची तेथें रेलचेल आहे, नाक मात्र मोकळें. अमरसिंहानें मनुष्यवर्गांत मस्तकापासून पायांपर्यंतच्या अलंकारांचीं नांवें दिलीं. त्यांत नाकाचा अलंकार नाहीं.

मौनावरून काढलेलें अनुमान दुर्बळ, असें कोणी म्हणेल. एरव्हीं तें खरें. पण सुश्रुताचें मौन निराळ्या जातीचें आहे. सूत्रस्थानाच्या १६ व्या अध्यायांत रक्षणासाठीं व भूषणासाठीं बालकाचे कान टोंचावे असें सांगून, मुलाचा उजवा आधीं, मुलीचा डावा आधीं, भोंक कसें वाढवावें, तुटलेली पाळी कशी सांधावी, हें सर्व तो बारकाईनें देतो. त्याच अध्यायाच्या शेवटीं कापलेलें नाक गालाच्या कातड्यानें नवें करण्याची कृति आहे. नाकाची एवढी काळजी वाहणारा हा वैद्य नाक टोंचण्याविषयीं एक अक्षर काढीत नाहीं. डॉ. अ. स. अळतेकर यांनीं १९३८ सालीं हिंदु स्त्रीजीवनावरील आपल्या इंग्रजी ग्रंथांत हा अलंकार प्राचीन नव्हे असें मांडलें, आणि भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनीं नथेच्या प्राचीनतेवर स्वतंत्र निबंधच लिहिला.

उलट पक्ष शब्दाचा आधार घेतो. 'नथ' हा शब्द संस्कृत 'नस्ता', प्राकृत 'णत्था' यांपासून आलेला. तेव्हां वस्तुही तितकीच जुनी असली पाहिजे. येथें घोटाळा होतो. 'णत्था' म्हणजे बैलाच्या नाकांतील दोरी, आपली वेसण. अमरकोशांतील 'नस्तित' हाही वेसण घातलेला बैलच. शब्द प्राचीन खरा, पण तो गोठ्यांतून माजघरांत आला. आमच्या कविजनांचें याकडे लक्ष गेलें नाहीं, हें एका परीनें बरेंच झालें!

हा वाद केवळ पंडिती नव्हे. पति निवर्तल्यावर स्त्रीच्या नाकांतील नथ उतरवीत, आणि त्यास सनातन शास्त्राचा आधार सांगत. ज्या अलंकाराचें नांव अमरास ठाऊक नाहीं, त्याविषयीं प्राचीन स्मृतिकार आज्ञा कोठून देणार?

नथ अर्वाचीन ठरली म्हणून तिचें मोल कमी होत नाहीं. जुन्या नथींतील 'बसराई' मोती बसऱ्याचे नव्हत. ते इराणच्या आखातांत, विशेषेंकरून बहारीनच्या समुद्रांत निघत, बसरा ही त्यांची पेठ. १९२० नंतरच्या दशकांत जपानी संवर्धित मोत्यांनीं व जागतिक मंदीनें तो व्यापार बसला. असे मोती ओंवलेली नथ मोडून सोनें तेवढें वजनावर विकणें म्हणजे घरचा दप्तर रद्दींत घालणें होय. मोती हा मुख्यतः चुन्याच्या जातीचा पदार्थ. आंबटानें तो झिजतो. सोनें उजळण्यास वापरतात ती चिंच नथेस कदापि लावूं नये. अत्तर व घाम मऊ फडक्यानें पुसावा, आणि माणकांच्या दागिन्यांशेजारीं ती ठेवूं नये, कारण माणकाच्या घर्षणानें मोत्यावर चरे पडतात. तार सैल झाल्यास सोनाराकडून पुन्हां ओंववून घ्यावी. मोडणें अपरिहार्यच असेल, तर आधीं कागदावर आकृति काढून वजन, मोत्यांची संख्या आणि ती कोणाच्या लग्नांत घडविली तें साल लिहून ठेवावें.