रात्रीचं भाडं : सातारा-सांगलीतल्या फिरत्या घरांची गोष्ट



आजचा विषय कळल्यावर एकदोघांनी फोन करून विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे कॅराव्हॅन कुठून आलं? सांगतो. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. कॅराव्हॅन म्हणजे गाडीतच झोपायची, स्वयंपाकाची, न्हाणीची सोय. बायकापोरांना घेऊन घाटमाथ्यावर हिंडायचं आणि रात्री गाडी लावायला कॅराव्हॅन पार्क, तिथं पाणी, वीज, सगळं. पाश्चात्त्य देशांत हे फार जुनं आहे. आपल्याकडे नवं, असं आपण समजतो.

मला गाडीत फारसा रस नाही. मला रस आहे तो त्या पार्कात. म्हणजे रात्रीच्या जागेत. घर बरोबर घेऊन फिरणाऱ्या माणसाचा दिवस कसाही जातो हो, पण दिवस मावळला की प्रश्न येतो, उतरायचं कुठं? जागा कुणाची? आणि तिथं राहायचे पैसे कुणी कुणाला द्यायचे?

आता हा शेवटचा प्रश्न तुम्हाला विचित्र वाटेल. जो राहतो तो देतो, यात विचारायचं काय? पण आपल्या दोन जिल्ह्यांत शेकडो कुटुंबं अशी होती, आजही आहेत, की जी घरासकट घाट ओलांडायची आणि ज्यांच्या शेतात ती उतरायची तो शेतकरी त्यांना धान्य द्यायचा. मी बोलतोय माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागातल्या मेंढपाळ धनगरांबद्दल.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडला पाचशेच्या आसपास. मधलं अंतर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही. मेंढराला चिखल सोसत नाही, खूर सडतात, रोग लागतात. म्हणून पावसाळा काढायचा माणदेशात, कोरड्या माळावर. दसरा-दिवाळी झाली, माळावरचं गवत संपलं, की पश्चिमेला निघायचं. कृष्णा-कोयनेची खोरी ओलांडायची, कुंभार्लीसारखा घाट उतरायचा आणि कोकणात जायचं. तिथं तोवर भात कापून शिवार मोकळं झालेलं असतं. परत फिरायचं ते वळवाच्या आधी, उन्हाळ्याच्या शेवटी.

या फिरत्या वस्तीला धनगर काय म्हणतात माहीत आहे? वाडा. आपण वाडा म्हटलं की दगडी जोतं, दिंडी दरवाजा, चौक असं काहीतरी आठवतं. यांचा वाडा घोड्याच्या पाठीवर असतो. चारपाच कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या. घोड्यावर भांडी, पिठाची पोती, घोंगड्या, वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, आणि त्या सगळ्याच्या वर बांधून बसवलेलं लहान पोर. सकाळी पुरुषमाणसं मेंढरं घेऊन चारत चारत जाणार. बायका घोडी घेऊन सरळ वाटेनं पुढच्या तळावर. तिथं पोचून चूल मांडायची, पाणी आणायचं, कोकरं सांभाळायची. हे घर रोज उचलायचं आणि रोज मांडायचं काम बायकांचं. आपण मेंढपाळ म्हटलं की काठी टेकून उभा असलेला, मुंडासंवाला बाप्या डोळ्यांसमोर आणतो. वाडा चालायचा तो मात्र घोडीचा लगाम धरलेल्या बाईच्या जिवावर.

आता त्या रात्रीच्या व्यवहाराकडे येऊ. मेंढरं रात्रभर शेतात बसली की लेंडी आणि मूत थेट मातीत जातं. खत वाहून न्यायला नको, पसरायला नको. याला शेतात मेंढरं बसवणं म्हणतात. किती मेंढरं, किती रात्री, त्याबद्दल किती भात किंवा ज्वारी, हे आधी ठरायचं. काही कोकणातल्या गावांशी एकाच वाड्याचा संबंध वर्षानुवर्षं असायचा. म्हणजे बघा, मुक्काम हीच यांची विकायची वस्तू होती. लोकर वर्षातून दोनदा, कोकरू विकलं तर विकलं, पण धान्य यायचं ते रात्रीचं.

इथं एक फरक करून ठेवतो, नाहीतर नंतर पत्रं येतात. जावळी-पाटणच्या डोंगरमाथ्यावर म्हशी पाळून राहणारे गवळी धनगर वेगळे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ साली त्यांच्यावर लिहिलेलं प्रसिद्ध आहे. आज मी बोलतोय ते मेंढरांच्या मागे जाणाऱ्यांबद्दल. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं आयुष्याचा मोठा भाग ज्यांच्या ओव्या गोळा करण्यात घालवला, ते हे लोक. आरेवाडीचा बिरोबा हा त्यांचा देव.

याच डोंगरात एकोणिसाव्या शतकात दुसरेही तंबू आले. १८२४ साली साताऱ्यातला इंग्रज लष्करी अधिकारी लॉडविक महाबळेश्वर चढला. मग गव्हर्नर माल्कम आले, छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून वर रस्ता करून दिला, १८२९ साली करार होऊन वाईकडचं खंडाळा गाव महाराजांना आणि महाबळेश्वर इंग्रजांना अशी अदलाबदल झाली. माल्कम पेठ वसली. उन्हाळ्यात साहेब, मडम, मुलं, आया, खानसामे, सगळं लटांबर वर जायचं. गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फॉकलंड यांनी १८५७ साली ‘चाऊ-चाऊ’ नावाचं पुस्तक छापलं, त्यात महाबळेश्वरच्या मुक्कामाविषयी वाचायला मिळतं. कुटुंबानं डोंगरात तळ ठोकून मौजेनं राहण्याचा आपल्याकडचा हा पहिला मोठा प्रकार म्हणायला हरकत नाही. पण साहेबाच्या तळाचा हिशोब कसा होता? ओझं वाहायला माणसं, गवत, लाकूड, दूध, कोंबड्या हे आसपासच्या गावांनी पुरवायचं. कधी पैसे मिळायचे, कधी वेठच. साहेब उतरला की गाव धसका घ्यायचं. वाडा उतरला की शेतकरी स्वतः बांधावर येऊन उभा राहायचा.

मग १८७८ चा वन कायदा आला. घाटातली रानं राखीव झाली, चराईला परवाना आला. जिथं रात्र काढण्यासाठी कुणाला विचारावं लागत नव्हतं, तिथं शिपाई उभा राहिला. याचा राग एकट्या धनगरांना नव्हता. १९३० साली बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला, तो आज सांगली जिल्ह्यात असलेल्या शिराळा तालुक्यात. सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. तो १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून झाला आणि १९६० ला सांगली. त्याआधी वाड्याच्या वाटेवर औंध, फलटण, जत, सांगली, मिरज अशी संस्थानं आणि इंग्रजी मुलूख यांचं गोधडीसारखं ठिगळकाम होतं. आटपाडी औंधात होती. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ याच औंध संस्थानातली. तिच्यात दुष्काळ पडतो आणि मेंढपाळांची अख्खी वाडी उठून जाते. आपण ती कादंबरी शोकांतिका म्हणून वाचतो, आणि ती आहेच. पण उठून जाणं ही धनगराला ठाऊक असलेली गोष्ट होती. त्या साली परतायला माळावर काही उरलं नव्हतं, हे दुःख.

स्वातंत्र्यानंतर वाट अडली ती अनेक अंगांनी. कोयनेचं धरण झालं, शिवसागर भरला, खोऱ्यातल्या वाटा पाण्याखाली गेल्या. पुढं कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ हवा, माझं त्याला काही म्हणणं नाही. कृष्णाकाठी ऊस आला. उसाचं रान बारा महिने भरलेलं, त्यात मेंढरं बसवायची कुठं? पोत्यातलं रासायनिक खत आलं, तशी लेंडीची किंमत पडली. टेंभू, म्हैसाळच्या योजनांचं पाणी आटपाडी-जतकडे पोचलं. ही तिथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या मागितलेली गोष्ट, पण पाणी आलं तिथं माळ फुटला आणि पावसाळी चराई आक्रसली. आणि मधे आडवा पुणे-बंगळूर महामार्ग. पहाटे कराड-उंब्रजच्या आसपास दोनतीनशे मेंढरं रस्त्यापलीकडे न्यायची म्हणजे काय, हे तिथं गाडी चालवणाऱ्याला विचारा.

मी शाळेत असताना कुंभार्लीत आमची एसटी अर्धा तास एका वाड्यामागे अडकली होती. लोक वैतागले होते. ड्रायव्हर मात्र खाली उतरून, बिडी पेटवून, एका म्हाताऱ्याशी यंदा चिपळूणकडे रात्रीला किती भात मिळतो यावर गप्पा मारत बसला. व्यवहाराचा दर एसटीच्या ड्रायव्हरलाही ठाऊक असायचा, एवढं ते उघड होतं.

सगळं संपलं असं नाही. सेंद्रिय खताला पुन्हा भाव येतोय, बागायतदार मेंढरं बसवायला बोलावतात, रोख देतात. पण पुष्कळ ठिकाणी आता उलटं झालंय. उतरू द्या म्हणून वाड्यालाच विनवावं लागतं, चोरीचा आळ येतो, रात्री उठवून हाकलतात. आणि पोरांच्या शाळेचं काय, याला जुन्या व्यवस्थेत काही उत्तर नव्हतं. ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही.

मागून प्रश्न आलाय, अशी कुटुंबं एकूण किती, जनगणनेत कळत नाही का? चांगला प्रश्न आहे. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. त्या काळात जो सलग घरी नव्हता त्याची नोंद त्या घरात नाही. आणि बेघर म्हणून उघड्यावर झोपलेल्यांची मोजणी झाली ती २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत. आता फेब्रुवारीत वाडा कुठं असतो ते मी मघाशी सांगितलं. माणमधल्या त्यांच्या घराला कुलूप होतं. कोकणात ते कुणाच्या तरी शेतात होते. गणनेच्या वहीत त्यांना लिहायचं तर बेघर म्हणून, आणि तेही त्या रात्री कंदील घेऊन कुणी बांधापर्यंत गेलं असेल तर.